घरात कोणाला?

फॉर्मवर एक रकाना असतो :
घरात कोणाला दमा, अंगावर पित्त, सतत शिंका?
आई म्हणाली, आमच्याकडं नाही हो बाई कोणाला.
आण्णा बाहेर बाकावर बसून खोकत होते.

वाघोलीच्या खडी मशीनवर बावीस वर्षं.
त्यांच्या छातीतल्या शिट्टीला आम्ही धूळ म्हणायचो,
माझ्या शिट्टीला सर्दी.
लग्नाच्या बैठकीत मी पंप मोज्यात लपवला होता
आणि पोह्यांवरची कोथिंबीर निवडत
कुणाला ऐकू जाऊ नये असा श्वास घेत होतो.
कांचनला कळलं दिवाळीत, फटाक्यांच्या धुरात.
ती काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मी रकान्यात लिहिलं : वडील. आजोबा.
पेन चालेना, दोनदा गिरवावं लागलं.

नवले पुलाच्या अलीकडं माझी ओमनी उभी असते,
काचेवर लाल अक्षरं : पीयूसी करून मिळेल.
सकाळी आठपासून सायलेन्सरमध्ये नळी घालतो,
म्हणतो, रेस करा. अजून. सोडा.
आकडा येतो.
संध्याकाळी जुई तिचा मीटर ओठांत धरते,
मी म्हणतो, जोरात फुंक. अजून. सोड.
आकडा येतो.
वहीत लिहून ठेवतो : दोनशे दहा, दोनशे,
कचरा जाळला त्या रविवारी एकशे साठ,
आणि गेल्या मंगळवारी काटा
एकशे वीसवरून हललाच नाही.

पेठे बाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागं चित्र काढून दाखवलं.
म्हणाल्या, रक्तातून दमा येत नाही, चिडकेपणा येतो.
नळी लवकर चिडते, एवढंच.
मग बाहेरची हवा तिला रोज चिडवत राहते.
जुई म्हणाली, मी नाही चिडकी. नळी चिडकी.

खाण तशी माती, मी पुटपुटलो.
बाई म्हणाल्या, मग थोरला कसा पळतो?
खरंय. प्रणित एका दमात तळजाई चढतो,
तेच आईबाप, तीच खोली, तीच गोधडी.
आणि वरच्या मजल्यावर दस्तगीरभाईंचा अरमान,
ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी धापलं नाही,
तो रात्री पंप मागायला जिना उतरून येतो.
हिशेब लागत नाही.
लागला असता तर एकाच कुणाला तरी
शिव्या देऊन झोपलो असतो.

एक गोष्ट मात्र वहीत नाही.
जांभूळवाडीचा एक टँकरवाला आहे,
दोनशे जास्तीचे देतो, म्हणतो,
नळी कशाला घालता शेठ, प्लेटचा फोटो काढा अन् कागद द्या.
दिलाय.
किती वेळा, ते लिहिलेलं नाही.
तोच टँकर दर मंगळवारी आमच्या बिल्डिंगखाली थांबतो,
टाकी भरेपर्यंत इंजिन चालू,
वर बरोब्बर आमची खिडकी.
नळाला पाणी नाही म्हणून
आम्हीच वर्गणी काढून बोलावलेला.

त्या रात्री पावणेतीनला तिच्या बरगड्या दिसायला लागल्या,
गळ्याखाली खळगा पडत होता, भरत होता, पडत होता.
नेब्युलायझर घरघरत होता. वाफेच्या मागून ती म्हणाली,
बाबा, तुझी पण वाजतेय.
वाजत होती.
दोघांची लय तेवढी वेगळी.

सोमवारी तो आला तेव्हा मी नळी घातली.
रेस करा म्हणालो. तो हसला. मी पुन्हा म्हणालो.
आकडा आला. कागद दिला नाही.
तो काही न बोलता पन्नास पावलांवरच्या
दुसऱ्या ओमनीकडं गेला,
आणि जाताना खिडकीतून कागद हलवून दाखवला.

मंगळवारी पाणी वेळेवर आलं.
मी खिडकी लावून घेतली, फटीत टॉवेल कोंबला,
खालचं इंजिन बंद व्हायची वाट पाहिली.
मग मीटर पुसला, काटा शून्यावर आणला
आणि म्हणालो, फुंक.